बाटलीतली माती काय सांगते?

मुलांनो, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे भांडण नक्की ऐकलेलं असणार. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी सुट्टीत मामाच्या गावाला ऐकलं असेल.

रात्रीची जेवणं झालेली असतात. ओसरीवर आजोबा सुपारी कातरत म्हणतात, "आमच्या वेळी उकिरडा उपसून रानात शेणखत पडायचं. पाय ठेवला की मऊ लागायचं. तुमच्या त्या पोत्यांनी जमिनीचा पार दगड केलाय."

बाबा म्हणतात, "अण्णा, पोतं टाकलं नाही तर पीक येतं निम्मं. सोसायटीचं कर्ज काय शेणखत फेडणार आहे?"

आजोबा गप्प होतात. बाबा टॉवेल झटकून उठतात. आणि भांडण पुढच्या पेरणीपर्यंत तहकूब होतं.

आता सांगा, खरं कोणाचं?

घाईने उत्तर देऊ नका. आजोबांच्या बाजूने बोलाल, तर आजोबांना आपल्या तरुणपणीचं सगळंच गोड वाटतं. तेव्हाचे आंबेसुद्धा म्हणे नारळाएवढे असायचे! बाबांच्या बाजूने बोलाल, तर बाबांचं लक्ष यंदाच्या पिकावर आहे. वीस वर्षांनी हीच माती कशी असेल, हे त्यांनी कुठे मोजलंय? दोघंही प्रामाणिक आहेत. पण दोघांजवळही पुरावा नाही. पुरावा म्हणजे मोजलेला, लिहून ठेवलेला, तारीख घातलेला.

असा पुरावा जगात काही ठिकाणी आहे बरं का! त्यातला थोडा तर चक्क बाटल्यांत भरून फडताळांवर मांडून ठेवलाय. चला, तो बघायला जाऊ. पण निघण्याआधी एक छोटा हिशेब करायचा आहे. वही-पेन्सिल घ्या.

०.५० चे झाले ०.५१!

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? एका वाफ्यात शेणखत घालायचं, शेजारच्या वाफ्यात युरिया. पीक निघालं की तोलायचं. झालं!

पीक तोलून होईल हो. पण मातीचं काय झालं, ते एका वर्षात कळत नाही. का ते बघा.

एक एकर रानाची वरची सहा इंच माती खरवडून तराजूत घातली, तर तिचं वजन भरेल साधारण ९ लाख किलो. या मातीत कुजलेला पालापाचोळा, जुनी मुळं, शेण, मेलेले किडे-मुंग्या यांचा अंश मिसळलेला असतो. त्यात कार्बन असतो. त्याला म्हणतात सेंद्रिय कर्ब. डॉक्टर जसे आधी नाडी बघतात, तसे माती तपासणारे आधी हा आकडा बघतात. आपल्याकडच्या पुष्कळ रानांत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. अर्धा टक्का धरू. म्हणजे आपल्या एकरात झाला साडेचार हजार किलो कर्ब.

आता समजा, बाबांनी आजोबांचं ऐकलं आणि एकरात पाच गाड्या शेणखत टाकलं. बैलगाडी धरा ५०० किलोची. झालं अडीच हजार किलो. पण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच! उरलेल्या सुक्या खतात कर्ब असतो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आला साडेतीनशे किलो. त्यावर मातीतले जिवाणू ताव मारतात. आपण भाकरी खातो आणि श्वास सोडतो, तसेच तेही. बहुतेक कर्ब वर्षभरात कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मातीत शंभरेक किलो टिकला तरी पुष्कळ म्हणायचं.

९ लाख किलोत १०० किलो! म्हणजे ०.५० चे झाले ०.५१. एकाच रानात बांधाकडची माती आणि मधली माती यांच्यात याहून जास्त फरक सापडतो. मग वाढ झाली की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमची उंची तुम्ही रोज मोजलीत, तर काल होती तेवढीच आज दिसेल. पण दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली, की पाच वर्षांनी आई म्हणते, "अगंबाई, केवढा वाढलास!" मातीचंही तसंच. फक्त तिला पाच वर्षं पुरत नाहीत. वीस, तीस, पन्नास वर्षं लागतात. आणि तीही त्याच चौकटीवर, म्हणजे त्याच जागी खुणा करत राहावं लागतं.

१८४३ सालचं शेत

अशी सगळ्यात जुनी चौकट आहे इंग्लंडात. लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन नावाच्या गावाजवळ रॉथॅमस्टेड नावाची शेतीसंशोधन संस्था आहे. तिथल्या ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ च्या शरद ऋतूत गहू पेरला गेला. तेव्हापासून आजतागायत तो प्रयोग चालू आहे! १८५७ चं बंड व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

प्रयोग सुरू करणारे दोघे जण. जमिनीचे मालक जॉन बेनेट लॉज आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट. या जोडीने किती वर्षं एकत्र काम केलं असेल? तब्बल ५७! १९०० साली लॉज वारले आणि पुढच्याच वर्षी गिल्बर्ट.

त्यांनी शेताच्या लांब पट्ट्या पाडल्या. एका पट्टीला दरवर्षी भरपूर शेणखत, हेक्टरी ३५ टन. (एक हेक्टर म्हणजे अडीच एकर.) काही पट्ट्यांना निरनिराळी रासायनिक खतं. आणि एका पट्टीला काहीच नाही! ती बिचारी १८४३ पासून उपाशी आहे.

यात एक गंमत आहे. लॉज हे स्वतः रासायनिक खताचे कारखानदार होते. हाडांवर आणि खनिजांवर आम्ल टाकून सुपर फॉस्फेट करण्याचं पेटंट त्यांनी १८४२ साली घेतलं होतं. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या बाबांच्याच बाजूचे म्हणा ना! पण त्यांनी शेणखताची पट्टी वगळली नाही. आणि तिचे आकडे झाकूनही ठेवले नाहीत.

मग काय दिसलं? उपाशी पट्टीत गहू अगदीच थोडा यायचा. शेणखताच्या पट्टीत भरघोस. आणि पुरेशी रासायनिक खतं दिलेल्या पट्टीतही भरघोस! किती तरी वर्षं ही दोन्ही पिकं एकमेकांच्या तोडीस तोड होती. म्हणजे पिकाच्या परीक्षेत बाबा नापास झाले नाहीत.

पण मातीच्या परीक्षेचा निकाल वेगळा लागला. शेणखताच्या पट्टीतला सेंद्रिय कर्ब वाढत वाढत सुरुवातीच्या दुपटीच्याही पुढे गेला. आधी भराभर वाढला, मग हळूहळू. रासायनिक खतांच्या पट्ट्यांत मात्र फारसा वाढला नाही.

शेजारच्या हूसफील्ड नावाच्या शेतात तर आणखी नवल घडलं. तिथे १८५२ पासून बार्ली पेरतात. एका पट्टीला १८७१ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, दरवर्षी शेणखत घातलं आणि मग कायमचं बंद केलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं लोटली. तरीसुद्धा, कधीच खत न घातलेल्या शेजारच्या पट्टीपेक्षा तिच्यात कर्ब जास्त सापडतो आणि बार्लीही जास्त येते! पणजोबांच्या पणजोबांनी घातलेलं खत अजून कामी येतंय म्हणा ना!

फडताळावरच्या बाटल्या

हे सगळं कळलं कसं? तर बाटल्यांमुळे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी पहिल्यापासून धान्य, पेंढा आणि माती यांचे नमुने वाळवून काचेच्या बाटल्यांत भरले, बुचं बसवली आणि चिठ्ठ्या लावल्या. कुठल्या शेतातली, कुठल्या पट्टीची, किती खोलीवरची, कुठल्या साली काढलेली. दुसऱ्या महायुद्धात काचेच्या बाटल्या मिळेनात, तेव्हा जुन्या पत्र्याच्या डब्यांत नमुने भरले, पण खंड पडू दिला नाही. आज तिथे सुमारे ३ लाख नमुने आहेत.

पुढे या बाटल्यांचं काय काय होईल, हे त्या दोघांच्या स्वप्नातही नसेल. डीएनए हा शब्दही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. पण दीडशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी त्या जुन्या गव्हातून रोगाच्या बुरशीचा डीएनए काढला! कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड जसा वाढला आणि कमी झाला, तसे गव्हावरच्या दोन रोगांचं पारडंही कसं वरखाली झालं, हे त्यातून कळलं. १८४४ सालच्या माणसाने एवढंच केलं होतं की, नमुना फेकून न देता चिठ्ठी लावून ठेवला.

मात्र मुलांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ब्रॉडबॉकचं शेत हे सेंद्रिय शेतीचं शेत नव्हे. तिथे खतांची तुलना आहे. सेंद्रिय शेती म्हणजे नुसतं शेणखत नाही. पिकांची फेरपालट, तण काढायची पद्धत, किडी-रोगांशी लढायची पद्धत, सगळंच वेगळं. या पद्धतीची परीक्षा घ्यायची तर वेगळं शेत हवं. त्यासाठी आपण आता स्वित्झर्लंडला जाऊ.

डी, ओ आणि के

बाझल शहराजवळ थेरविल नावाचं गाव आहे. तिथे १९७८ साली एक प्रयोग सुरू झाला आणि तो अजूनही चालू आहे. त्याला डीओके प्रयोग म्हणतात. जर्मन भाषेतल्या तीन शेतीपद्धतींची ही आद्याक्षरं. 'ओ' म्हणजे सेंद्रिय शेती. 'डी' म्हणजे बायोडायनॅमिक, हीही सेंद्रियच, पण खत चांगलं कुजवून आणि काही खास मिश्रणं वापरून करायची. आणि 'के' म्हणजे नेहमीची शेती, रासायनिक खतं आणि औषधफवारणी करणारी. शिवाय काही वाफे फक्त रासायनिक खतांचे आणि काही वाफे अगदी उपाशी, ब्रॉडबॉकसारखे.

५ मीटर रुंद आणि २० मीटर लांब असे एकूण ९६ वाफे. एवढे कशाला? तर समजा, सेंद्रियचा एकच वाफा केला आणि नेमकी तिथेच जमीन कसदार निघाली, तर सेंद्रिय शेती फुकटच जिंकेल. म्हणून प्रत्येक पद्धतीचे वाफे वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा पाडायचे. क्रिकेटमध्ये पाच सामन्यांची मालिका खेळतात ना, तसंच.

माती सगळ्यांची सारखी. पिकंही तीच आणि त्याच क्रमाने. बटाटे, गहू, बीट, पुन्हा गहू, बार्ली, आणि मग दोन वर्षं गवत आणि क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या घासासारखं, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवणारं शेंगवर्गीय पीक. सात वर्षांनी एक फेरा पुरा व्हायचा.

तीन फेरे झाले, २१ वर्षं गेली. २००२ साली 'सायन्स' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात निकाल छापून आला. प्रगतिपुस्तक असं होतं:

सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी कमी.

पण त्यांना दिलेली खतांतली अन्नद्रव्यं ३४ ते ५१ टक्क्यांनी कमी.

औषधांची फवारणी ९७ टक्क्यांनी कमी.

गांडुळांचं वजन आणि संख्या १.३ ते ३.२ पट.

मुळांशी मैत्री करणारी बुरशी ४० टक्क्यांनी जास्त.

मातीच्या कणांची पाण्यात टिकून राहण्याची ताकद १० ते ६० टक्क्यांनी जास्त.

त्या लेखात दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोन्ही गव्हाच्या वाफ्यांतल्या जमिनीचे. बायोडायनॅमिक वाफ्यातली जमीन खडबडीत, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्यांनी भरलेली. मधूनमधून तणाची रोपंही डोकावतायत. 'के' वाफ्यातली जमीन मात्र सारवल्यासारखी गुळगुळीत. दिसायला दुसरी जास्त नीटनेटकी! पण शेतकऱ्याला विचारा. गुळगुळीत म्हणजे मातीचे कण विस्कटून एकमेकांवर बसलेत. अशा जमिनीवर पाऊस पडला की पाणी मुरत नाही, वरून वाहून जातं आणि जाताना मातीही घेऊन जातं.

मातीतला डिंक

हे कण टिकून राहतात म्हणजे नक्की काय होतं?

चांगली माती हातात घेऊन चुरडली तर ती पिठासारखी होत नाही. लहान लहान रवाळ गोळ्या होतात. रव्याच्या लाडवाचा चुरा आठवा. त्या गोळ्यांना बांधून ठेवतो एक प्रकारचा डिंक. तो तयार करतात जिवाणू आणि बुरशी, कुजणारा पाला आणि शेण खाऊन. बुरशीचे बारीक धागेही कणांना जाळ्यात धरतात. याच बुरशीतल्या काही जाती झाडाच्या मुळांत शिरतात. मुळं जिथे पोहोचत नाहीत तिथून पाणी आणि स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. रोकडा व्यवहार!

गोळ्यांच्या मध्ये फटी राहतात. त्यांत हवा खेळते, पाणी मुरतं. गांडुळं बोगदे पाडतात, ते वेगळेच. आजोबा म्हणतात ना, "पाय ठेवला की मऊ लागायचं"? ते मऊ लागणं म्हणजे या फटी. आजोबांनी मोजलं नव्हतं, पण पायाला बरोबर कळलं होतं.

आणि उपाशी माती? जिवाणूंना खायला काही मिळालं नाही की डिंक नाही. डिंक नाही की पावसाच्या पहिल्या सरीतच गोळ्या फुटतात.

पण बटाट्याचं काय?

आता बाबांची बाजू. ती झाकून चालणार नाही.

२० टक्के कमी ही सरासरी आहे. थेरविलला गव्हाचं नुकसान त्या मानाने थोडंच होतं. सेंद्रिय वाफ्यांत नेहमीच्या शेतीच्या ९० टक्के गहू आला. पण बटाटे? फक्त ५८ ते ६६ टक्के! दोन कारणं. एक म्हणजे पालाश कमी पडलं. दुसरं म्हणजे करपा. हा रोग बटाट्यावर एकदा आला की पंधरा दिवसांत रान काळं करतो आणि सेंद्रिय शेतीत त्यावर हमखास औषध नाही.

दहा पोत्यांऐवजी सहा पोती बटाटे घरी आले, तर त्या वर्षी फी कुठून भरायची? हा प्रश्न बाबांना पडतो, तो काही खोटा नाही. सेंद्रिय शेतीचं कौतुक करणारं एखादं पत्रक जर बटाट्याचा आकडा गाळत असेल, तर ते पत्रक अर्धं खरं आहे. आणि खताच्या जाहिरातीत गांडुळांचा आकडा नसेल, तर तीही अर्धीच खरी.

थेरविलचा आणखी एक धडा आहे. तिथल्या नेहमीच्या 'के' वाफ्यांना रासायनिक खतांबरोबर शेणखतही मिळत होतं. चाळीसहून अधिक वर्षांनी कर्ब मोजला, तेव्हा सगळ्यात उत्तम होते चांगलं कुजवलेलं खत मिळालेले वाफे. पण खरी घसरण झाली ती ज्यांना शेणखत कधीच मिळालं नाही अशांची: उपाशी वाफे आणि फक्त रासायनिक खतांवर वाढलेले वाफे. म्हणजे युरियाचं पोतं रानात आलं, एवढ्यानेच मातीचा दगड होत नाही. पोतं आलं आणि शेणखताची गाडी बंद झाली, तिथून मातीची उतरण लागते.

आपल्या काळ्या रानात

"हे सगळं थंड देशातलं झालं. आपल्याकडे काय?" शाब्बास! हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उन्हात मातीतला कर्ब लवकर जळतो. त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे आणता येत नाहीत.

आपल्याकडेही जुनी शेतं आहेत. तमिळनाडूत कोईमतूरला खतांचा कायमचा प्रयोग सुरू झाला १९०९ साली. आणि इंदूरचं नाव तर जगभर गेलं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या शेती संस्थेचे प्रमुख होते. ही संस्था होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर उभी होती. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचा काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, पाणी शिंपडून, वेळेवर उलथापालथ करून तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघालं. ही रीत जगात आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड सांगत, हे मी इथल्या आणि चीनच्या शेतकऱ्यांकडून शिकलो.

त्याच मध्य प्रदेशात, निमाडातल्या खरगोन जिल्ह्यात, २००७ पासून थेरविलसारखाच प्रयोग चालू आहे. जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी कापसाची. पिकं कापूस, सोयाबीन, गहू. पहिल्या दोन वर्षांच्या फेऱ्यात सेंद्रिय कापूस आणि गहू बरेच मागे पडले. दुसऱ्या फेऱ्यात अंतर कमी झालं. सोयाबीन तर जवळजवळ बरोबरीनेच आलं आणि खर्च कमी असल्यामुळे पदरातही चांगलं पडलं. मातीचा पक्का निकाल लागायला मात्र वेळ आहे. १८४३ च्या मानाने हे शेत अजून पाळण्यातच आहे!

मग खरं कोणाचं?

मातीबद्दल आजोबांचं बरंचसं खरं निघालं. शेणखत आणि फेरपालट बंद पडली की माती उतरते, आणि घातलेलं खत पिढ्यान्‌पिढ्या आठवण ठेवतं. पिकाबद्दल बाबांचं बरंचसं खरं निघालं. पोतं एकदम बंद केलं तर पहिली काही वर्षं पदराला खार लागू शकतो, काही पिकांत तर फारच. फक्त आजोबा वीस वर्षांबद्दल बोलतायत आणि बाबा यंदाच्या वर्षाबद्दल. दोघांनी एकमेकांचे आकडे बघितले, तर भांडण पुष्कळ कमी होईल.

पण ते आकडे आणायचे कुठून? तुमच्या रानाची बाटली कोणी भरून ठेवलेली नाही. मग ती भरायची कोणी?

तुम्हीच!

तुमच्या रानाचं प्रगतिपुस्तक

शेत नसलं तरी अंगण, शाळेची बाग, कुंडीसुद्धा चालेल. एक शंभर पानी वही घ्या. दोन जागा निवडा: एक शेणखत पडणारी, एक न पडणारी. खुंटी ठोकून ठेवा. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजायचं.

१. ढेकळाची परीक्षा. दोन्ही जागांची सुपारीएवढी वाळलेली ढेकळं पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडा. दहा मिनिटं थांबा. कोणतं टिकलं, कोणतं विरघळलं? काळी माती मुळातच पाण्यात फुगते आणि फुटते. म्हणून तुलना एकाच रानातल्या दोन जागांची करा, काळ्या आणि तांबड्या मातीची नको.

२. गांडुळांची शिरगणती. श्रावणात एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. माती पोत्यावर पसरून गांडुळं मोजा आणि पुन्हा मातीत सोडा. उन्हाळ्यात ती खोल जातात, तेव्हा मोजू नका.

३. पाण्याची शर्यत. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा दोन बोटं जमिनीत दाबा. कडा हाताला लागतील, म्हणून हे मोठ्या माणसाकडून करून घ्या. तांब्याभर पाणी ओता. मुरायला किती मिनिटं लागली?

४. चड्डीची परीक्षा! हसू नका. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली तिथल्या शेतीसंशोधन संस्थेने एक हजार लोकांना प्रत्येकी दोन पांढऱ्या सुती चड्ड्या मातीत पुरायला लावल्या! एक महिन्याने एक काढायची, दोन महिन्यांनी दुसरी. जिवंत मातीत जिवाणू सूत फस्त करतात आणि इलॅस्टिक तेवढं उरतं. तुम्ही जुनी सुती चड्डी किंवा हातरुमाल पुरा. आईला विचारून बरं का!

५. बाटली. मूठभर माती सावलीत वाळवून स्वच्छ बाटलीत भरा. घट्ट झाकण लावा. चिठ्ठीवर गाव, रानाचं नाव, किती खोलीवरची, तारीख आणि त्या वर्षी काय काय घातलं ते पेनाने नव्हे, पेन्सिलीने लिहा. शाई उडते, शिसं टिकतं.

शेणखत किती गाड्या, युरिया किती पोती, पाऊस केव्हा आला, पीक किती झालं, हे आजोबांना आणि बाबांना दोघांनाही विचारून वहीत लिहा. चुकून एखाद्या वर्षी तुम्हाला नको असलेला आकडा आला, तर तोही लिहा. खोडायचं नाही. लॉजसाहेबांनी खोडला नव्हता.

पहिली दोन-तीन वर्षं वहीत फारसं काही दिसणार नाही. कंटाळा येईल. दहावीचं वर्ष येईल, कॉलेजसाठी गाव सुटेल. तेव्हा वही आणि बाटल्या धाकट्या भावाबहिणीच्या स्वाधीन करा.

पहिली बाटली भरायला हा रविवार चांगला आहे. रात्री ओसरीवर भांडण सुरू झालंच, तर ती दोघांच्या मध्ये नेऊन ठेवा.